लाल बाटली आणि पालकाची जुडी

परवा रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४. गेले तीन-चार महिने जिना चढताना धाप लागत होती, ती मी वयावर ढकलून मोकळी झाले होते. आता आकडाच कागदावर आल्यामुळे पळवाट उरली नाही. आणि आपल्याकडे घरात कुणाचं रक्त कमी आहे असं कळलं की पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बीट, डाळिंबं, खजूर, काळ्या मनुका, अळीव... सगळं येऊन पडलं.

त्यातले दोन सल्ले मात्र डोक्यातून जाईनात. पहिला दिराचा. "वहिनी, रोज रात्री एक ग्लास रेड वाईन घ्या. दारू नव्हे हो, वाईन! लोह असतं त्यात. रंग बघा ना नुसता." दुसरा आईचा, फोनवरून. "पालक खा गं रोज. जुडी निवडायचा कंटाळा करू नकोस. पालकात लोह असतं." दोघंही मनापासून बोलत होते. आणि गंमत म्हणजे एक मॉलमधल्या शेल्फकडे बोट दाखवत होता, दुसरी मंडईकडे, पण दोघांच्या तोंडी शब्द एकच... लोह.

मी जन्मभर अकाउंट्समध्ये नोकरी केलेली बाई. दोन पक्ष समोर आले की दोघांची खाती शेजारी शेजारी मांडून बघायची सवय काही जात नाही. अमेरिकेच्या शेतीखात्याची पोषणाची कोष्टकं कुणालाही बघता येतात. ती काढली आणि दर १०० ग्रॅममागे काय, ते वहीत लिहीत गेले. एका बाजूला कच्चा पालक, दुसऱ्या बाजूला साधी रेड वाईन.

पहिलीच ओळ पाहून हसू आलं. पालकात ९१ ग्रॅम पाणी, वाईनमध्ये ८६. म्हणजे एवढा सगळा वाद उरलेल्या मूठभर ऐवजाचा! पुढे मात्र सामना एकतर्फी होत गेला. लोह पालकात २.७ मिलिग्रॅम, वाईनमध्ये अर्ध्याहूनही कमी. पोटॅशियम पालकात साडेपाचशेच्या पुढे, वाईनमध्ये सव्वाशे. क जीवनसत्त्व पालकात २८ मिलिग्रॅम, वाईनमध्ये शून्य. वाईन पुढे होती ती फक्त उष्मांकांत, ८५ विरुद्ध २३. पण तिथेही त्या ८५ पैकी ७४ एकट्या अल्कोहोलचे. (अल्कोहोल शरीरात जळतं आणि ग्रॅममागे सात उष्मांक देतं, हे अमेरिकेतल्या ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाला एका बंद खोलीवजा यंत्रात ठेवून, मोजून दाखवलं होतं, १९०० च्या आसपास. तिथली दारूबंदीवाली मंडळी त्याच्यावर भयंकर चिडली. दारूला 'अन्न' म्हणतो म्हणजे काय!)

आता दिराला फोन करून "बघा, हरलात" असं सांगणार, एवढ्यात पुढचा हिशेब केला आणि गप्प बसले. भारतीय स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं आपल्या आयसीएमआरने २०२० साली ठरवून दिलंय. ते सगळं वाईनमधून घ्यायचं तर सव्वासहा लिटर, म्हणजे साडेआठ बाटल्या. ठीक आहे, तो विनोदच झाला. पण पालकातून घ्यायचं तर? किलोहून जास्त. रोज! शिवाय पालकातलं लोह आतड्यांत फारसं शोषलंच जात नाही. पानातली ऑक्झॅलेट आणि तत्सम द्रव्यं ते धरून ठेवतात, आणि खाल्लेल्या लोहातला अगदी थोडा अंश रक्तापर्यंत पोचतो. म्हणजे दीर हरले, पण आई काही जिंकली नाही.

मग या दोघांना 'रक्त वाढवणारे' हा किताब मिळाला कुठून? इथून मी वाचायला बसले, आणि वाचताना सारखी एक बाटली डोळ्यांपुढे येत राहिली. ती आधी सांगते.

माझ्या आजीची (आईच्या आईची) एक थोरली बहीण होती. आजी तिला आक्का म्हणे, म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो, जरी आमच्यापैकी कुणी तिला पाहिलेलं नाही. साताऱ्याकडून लग्न होऊन परळला आली आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली, म्हणजे १९३० मध्ये, पहिलटकरीण असताना सातव्या महिन्यात ती गेली. आजी तेव्हा दहा वर्षांची, मदतीला म्हणून खोलीवर येऊन राहिलेली. आजी सांगायची, आक्का "पांढरीफटक पडली होती, ओठ कागदासारखे". जिन्याच्या दोन पायऱ्या चढली की बसायची. गिरणीतल्या कुणीतरी आक्काच्या नवऱ्याला सांगितलं की साहेब लोकांच्या बायकांना अशा वेळी लाल टॉनिक देतात, द्राक्षाच्या दारूचं. त्याने पठाणाकडून व्याजाने पैसे काढले आणि बाटली आणली. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे नाव काय होतं ते गेलं. रोज झोपताना दोन चमचे. आक्का जाईपर्यंत पाऊण बाटली संपली होती. पठाणाचं व्याज मात्र पुढे दोन वर्षं चाललं.

अशा बाटल्या तेव्हा खूप होत्या. वाईनमध्ये मांसाचा अर्क, माल्ट, कधी लोखंडाचे क्षार घालून केलेली टॉनिकं इंग्लंडात घरोघरी असत आणि आगबोटीने इकडेही येत. त्यांचं मूळ शोधत मागे गेलं की एक नाव हमखास लागतं, टॉमस सिडनहॅम. लंडनचा डॉक्टर. त्या काळात वयात आलेल्या मुलींना एक रोग व्हायचा, चेहरा फिकट हिरवट पडायचा, धाप लागायची. १६८१ साली सिडनहॅमने त्यावर उपाय लिहिला: लोखंडाचा किंवा पोलादाचा कीस थंड ऱ्हाईन वाईनमध्ये भिजत घालायचा आणि ती वाईन प्यायला द्यायची. मुलींच्या गालांवर लाली येई. हा उपाय इतका रुजला की 'व्हिनम फेरी', लोखंडाची वाईन, ही पुढे ब्रिटिश औषधकोशात जाऊन बसली.

हे वाचताना मला एकदम आजीच्या फडताळातलं लोहासव आठवलं. लोहासव शार्ङ्गधरसंहितेत आहे, सिडनहॅमच्या कित्येक शतकं आधीचं. लोहचूर्ण, त्रिफळा, सुंठ-मिरे-पिंपळी, गूळ, मध, पाणी, सगळं मडक्यात आंबवायचं आणि पांडुरोगावर द्यायचं. पांडुरोग म्हणजे तोच, पांढरंफटक पडण्याचा. दोन अगदी वेगळ्या परंपरा आणि युक्ती एकच! कारणही एकच. आंबलेला द्रव आम्ल असतो, आम्लात लोखंड विरघळतं, आणि विरघळलेलं लोह शरीराला घेता येतं. म्हणजे काम करत होता तो लोखंडाचा कीस. वाईन फक्त हमाल होती. पण हमालाचा रंग लाल (सिडनहॅमची ऱ्हाईन वाईन बहुधा पांढरीच असणार, ही आणखी एक गंमत), म्हणून नाव त्याचं झालं. कीस घालणं कधीतरी थांबलं, कीर्ती राहिली.

तसा रेड वाईनच्या रंगाचा लोहाशी काहीच संबंध नाही. तो द्राक्षाच्या सालीतला रंग, जांभळाला आणि वांग्याच्या सालीला असतो त्याच कुळातला. उलट वाईन करणारे लोक लोखंडाला घाबरतात. लोह जास्त झालं की वाईन गढूळ होते. ते काढून टाकायला तिच्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालायची रीत होती. म्हणजे दीर ज्यासाठी ती बाटली आणा म्हणत होते, नेमकं तेच बाहेर काढायला कारखानदार रसायनं वापरत होते!

आता आईच्या पालकाकडे येते.

पालक म्हटलं की जगभर पॉपाय आठवतो. ई. सी. सेगर या चित्रकाराने १९२९ साली त्याला कॉमिकमध्ये आणलं. पालक खाऊन दंड फुगवणं थोडं नंतरचं. त्यावरून एक गोष्ट प्रसिद्ध आहे, तुम्हीही ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा जर्मन शास्त्रज्ञाने पालकातलं लोह मोजताना दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं, त्यामुळे आकडा दहापट झाला, आणि त्या एका टिंबामुळे पिढ्यान् पिढ्या मुलांना पालक गिळावा लागला. मी स्वतः ही गोष्ट ऑफिसात नव्या मुलांना किती वेळा सांगितली असेल! टिंबाचं महत्त्व पटवायला याहून चांगली गोष्ट नाही. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरने ती लिहिली, आणि तिथून ती सगळीकडे गेली.

पण ती गोष्टच मुळात खोटी निघाली. माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञाने जुने कागद खणून काढले आणि २०१० मध्ये लिहिलं की चुकलेल्या टिंबाचा पुरावा कुठेच सापडत नाही. हॅम्ब्लिनने कुठलाच संदर्भ दिला नव्हता, आणि पुढच्यांनी हॅम्ब्लिनचा संदर्भ देऊन काम भागवलं. शिवाय १९३२ च्या एका चित्रपट्टीत पॉपाय स्वतःच पालक खाण्याचं कारण सांगतो, आणि ते लोह नाहीच. अ जीवनसत्त्व आहे! खोटं पकडणारी गोष्ट स्वतःच खोटी, आणि ती मी हिशेब नीट ठेवण्याचा धडा म्हणून सांगत होते. लाज वाटली थोडी.

जर्मनीतलं टिंब खोटं असलं तरी दहापटीचा एक फरक आपल्याकडे मात्र छापून झालेला आहे. आपल्या जुन्या आहारशास्त्राच्या पुस्तकांत पालकाच्या लोहापुढे १०.९ मिलिग्रॅम हा आकडा असे. आईच्या पिढीच्या होम सायन्सच्या पुस्तकांतून तो घरोघरी गेला. पुढे भारतीय कोष्टकं सुधारली तेव्हा तिथे आलं १.१४. आणि २०१७ च्या नव्या कोष्टकांत तो तीनच्या जवळ आहे. पालेभाजीतलं लोह मोजणं दिसतं तितकं सोपं नसतं. पानाला चिकटलेली माती, भांड्याचं, सुरीचं लोखंड, सगळं आकड्यात शिरायला टपलेलं असतं. तेव्हा आई चूक नव्हती. तिच्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं.

इथवर आले तेव्हा वाटलं, झालं, दोघांचीही पोलखोल झाली, आता वही मिटावी. पण कोष्टकातली एक ओळ मी घाईत ओलांडली होती. फोलेट. पालकात १९४ मायक्रोग्रॅम, वाईनमध्ये १. एकशे चौऱ्याण्णवाला एक!  आणि त्या फोलेटचा माग काढत गेले ती थेट परळला पोचले. आक्काच्या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर.

१९२८ साली लुसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. केंब्रिजला वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग डॉक्टर झालेली. तिला बोलावलं होतं मार्गारेट बाल्फर या डॉक्टरबाईंनी, इथल्या बाळंतपणातल्या मृत्यूंचा तपास करायला. काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांमध्ये, विशेषतः कापडगिरण्यांत काम करणाऱ्यांमध्ये, एक भयंकर पांडुरोग दिसत होता. त्यात रक्तपेशी कमी होत, पण ज्या असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. इथे उलट. म्हणजे हा लोहाचा रोगच नव्हता.

दोनच वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की मोठ्या पेशींचा एक जीवघेणा पांडुरोग रोज भरपूर कलेजी खाऊन बरा होतो. मुंबईच्या बायकांचा रोग वरून तसाच दिसे, पण तोच नव्हता. पुढे कलेजीचा शुद्ध केलेला अर्क त्या रोगावर लागू पडे आणि या रोगावर पडत नसे, तेव्हा हे दोन वेगळे आजार आहेत ते स्पष्ट झालं. विल्सबाईंनी वेगळी वाट धरली. बायका काय खातात ते बघितलं. (किती साधी गोष्ट!) मुंबईतल्या गरीब मुसलमान बायकांचा आहार तसाच्या तसा गाभण उंदरांना देऊन बघितला. उंदीर पांडुरोगी झाले. त्यांच्या खाण्यात यीस्ट घातलं, तर झाले नाहीत. मग माकडांवर बघितलं. आणि मग यीस्टचा अर्क बायकांनाच दिला. काही दिवसांत नव्या रक्तपेशी दिसू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा लेख आला.

तो अर्क म्हणजे मार्माइट. काळा, खारट, चिकट पदार्थ, इंग्रज लोक टोस्टला लावून खातात तो. तो कशाचा होतो माहीत आहे? बिअर गाळून झाल्यावर पिंपाच्या तळाशी उरलेल्या यीस्टचा. १९०२ साली इंग्लंडातल्या बर्टन या गावी, भट्ट्यांत फुकट जाणाऱ्या यीस्टपासून तो करायला सुरुवात झाली. कलेजीच्या मानाने फार स्वस्त.

आता जरा वाईनच्या पिंपात डोकावून बघा. तिथेही तेच यीस्ट असतं. द्राक्षाची साखर खातं, अल्कोहोल सोडतं, वाढतं, आणि आपल्या पेशींत जीवनसत्त्वं भरून ठेवतं. काम संपलं की तळाशी बसतं. मग वरची वाईन अलगद दुसऱ्या पिंपात काढून घेतात आणि तळाचा गाळ टाकून देतात. नितळ वाईन पाहिजे ना! औषध गाळात जातं, बाटलीत येतो तो रंग. आक्काचा नवरा पठाणाकडून कर्ज काढून जी बाटली घेऊन आला, तिच्यात मांसाचा अर्क असेल, नसेल, लोखंडाचा क्षारही असेल. पण बाटलीतल्या वाईनकडून तिला मिळण्यासारखं काही नव्हतं. मिळण्यासारखं जे होतं ते कुठल्यातरी पिंपाच्या तळाशी राहून गेलं होतं.

यीस्टमध्ये ते नेमकं काय होतं, ते दहा वर्षं कुणाला कळलं नाही. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. शेवटी १९४१ साली टेक्सास विद्यापीठात मिशेल, स्नेल आणि विल्यम्स या तिघांनी जवळपास तसंच काहीतरी शोधून काढलं, आणि कशातून? पालकातून! चार टन पालक. मंडईतल्या जुड्यांचा विचार केला तर किती ट्रक होतील... तो पाला आटवून आटवून हाती आला तो थोडासा अर्क. पानातून निघाला म्हणून लॅटिनमधल्या 'फोलियम', म्हणजे पान, या शब्दावरून त्याला नाव दिलं फोलिक ॲसिड. योगायोग असा की याच टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने १९३७ मध्ये पॉपायचा पुतळा उभारला होता.

प्रयोगशाळेत ते तयार करणाऱ्यांत पुन्हा आपला माणूस भेटतो. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या ज्या चमूने फोलिक ॲसिड बनवलं, त्याचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचा भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजाराने गेला होता. त्या आजारातही रक्त असंच ओसरतं, पेशी अशाच मोठ्या होतात, आणि त्यावरच्या उपचारात फोलिक ॲसिडच देतात.

म्हणजे पालक खाऊन बायकांच्या अंगात रक्त भरतं हे आज्या-पणज्यांनी पाहिलेलं होतं, ते काही भास नव्हते. फक्त श्रेय लोहाला गेलं, आणि काम दुसऱ्याच कुणाचं होतं. वाईनच्या बाबतीतही तेच, फक्त उलटं. तिथे काम लोखंडाने केलं, आणि नाव झालं द्राक्षाचं.

एवढ्यावर बरोबरी झाली असं म्हटलं असतं. पण मग मला बोस्टनमधले दोन प्रयोग सापडले आणि माझ्या पुरता तरी निकाल लागला. व्हिक्टर हर्बर्ट नावाच्या डॉक्टरने १९६१ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. सगळं अन्न तीन-तीनदा उकळायचं, पाणी फेकून द्यायचं, आणि उरलेला चोथा खायचा, कारण फोलेट उष्णतेने जातं आणि पाण्यात उतरतं. चार-साडेचार महिन्यांत त्याच्या रक्तात तेच मोठ्या पेशींचं चित्र दिसलं. नुसत्या खाण्यातल्या फोलेटच्या अभावाने हा रोग होतो हे त्याने असं सिद्ध केलं. १९६४ मध्ये त्याने आणि लुई सलिव्हन या तरुण डॉक्टरने (हेच सलिव्हन पुढे १९८९ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले) दुसरा प्रयोग छापला. फोलेटच्या अभावाचे रुग्ण घेतले, रोज थोडं फोलिक ॲसिड दिलं, आणि बरोबर दारू चालू ठेवली. कुणाला व्हिस्की, कुणाला वाईन, कुणाला नुसतं अल्कोहोल. रक्त वाढेना. दारू थांबवली, फोलिक ॲसिड तेवढंच ठेवलं, आणि रक्त वाढायला लागलं. पेला पानाला नुसता हरत नव्हता, पानाला कामच करू देत नव्हता. (त्यांचे पेले माझ्या दिराच्या एका ग्लासाहून बरेच मोठे होते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.)

दिराची बाजू घ्यायची तर १९९१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या टीव्हीवर 'फ्रेंच पॅरडॉक्स'चा कार्यक्रम झाला, फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात ते वाईनमुळे, असा, आणि तिथपासून रेड वाईन औषधाच्या कपाटात जाऊन बसली ती बसलीच. २०१२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका संशोधकाने त्या वाईनमधल्या द्रव्याच्या अभ्यासात आकडे बनवल्याचं जाहीर केलं, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही म्हणून सांगितलं. पण जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हाची टीव्हीवरची भांडणं आठवतात ना? वाईन ही दारू की नाही यावर दिवसचे दिवस गेले. नाशिकच्या द्राक्षवाल्याचं पोट त्यावर आहे, हे मला समजतं. पण ते पोटाचं म्हणून सांगावं. रक्ताचं म्हणून नको.

आता माझं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची दुसरी ओळ दाखवली, जी मी बघितलीच नव्हती. पेशींचा आकार. माझ्या पेशी लहान आहेत. म्हणजे माझं खरंच लोह कमी आहे, पाळीत जास्त जाऊन जाऊन संपलेलं. फोलेट ठीक आहे. तेव्हा वाईन तर नाहीच, पण पालकही माझं हिमोग्लोबिन वर आणणार नाही. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या आणि जातंय कुठून ते थांबवायचं. गोळ्या घेतेय. आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायका पांडुरोगी निघाल्या. त्यातल्या किती जणींनी ही दुसरी ओळ बघितली असेल?

आक्काचं रक्त कुणी काचपट्टीवर घेतलं नाही. हाफकिन जवळ होतं, गिरणीतल्या बायकांसाठी १९२६ मध्ये उभं राहिलेलं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहही जवळ होतं. पण ती खोलीतच गेली. ती काय खायची ते आजीला आठवत होतं, कारण भाकऱ्या आजीच थापायची. सकाळी चहा, दुपारी डब्यात भाकरी आणि चटणी, रात्री भाकरी आणि पातळ आमटी. पालेभाजी? "मुंबईत भाजी इकत घ्यावी लागती गं," आजी म्हणायची, "गावाकडं बांधावर मिळायची." एवढंच.

काल आई आली होती. हिशेबाचं सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पालक निवडायला बसली. लोह नसेना का, म्हणाली, भाजी म्हणून तर खाशील. मी पालक उकळून पाणी ओतून देणार तेवढ्यात तिने हात धरला. "अगं, फेकतेस काय? कणीक भिजव त्यात." तिला हर्बर्टबद्दल मी अजून सांगितलं नव्हतं.

कणीक मळता मळता विचारलं, "आई, आक्काची ती बाटली होती ना आजीकडे?"

"होती की. रॉकेलची केली होती तिची. काच जाड होती, चांगली होती."

"मग कुठे गेली?"

"संपात. ब्याऐंशी साली मामाचा पगार बंद झाला, तेव्हा आजीने भांडीकुंडी सगळी भंगारवाल्याला दिली. त्यात तीपण दिली." आईने डेखं गोळा करून ताटात टाकली. "किती आले असतील तिचे... दहा पैसे. जास्त नाही."